तपासून गेलेलं पाणी

परुळेकर काकांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला ते कळायला वर्ष-दोन वर्षं लागायची. पांढरी हाफ पँट, पोटरीपर्यंत ओढलेले पांढरे मोजे, गळ्यात शिट्टी अशा थाटात हा गृहस्थ रोज सकाळी स्विमिंग पूलच्या काठाने फेऱ्या मारायचा. बघणाऱ्याला वाटावं, यांनी अर्धं आयुष्य पाण्यात काढलंय. प्रत्यक्षात त्यांच्या पायाचा अंगठासुद्धा त्या पाण्यात कधी बुडला नाही. बुडायची ती फक्त उजव्या हाताची दोन बोटं. काठावर उकिडवं बसून काका ती बोटं पाण्यात घालायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "परफेक्ट."

पाण्यातलं क्लोरीन मोजायला दोन थेंब आणि एक काचेची नळी लागते. रंग बघायचा, तक्त्याशी ताडायचा, झालं. आमच्या पूलच्या पंपरूममध्ये तो संच खोक्यासकट पडलेला होता, खोक्याची पट्टीही कोणी फोडली नव्हती. काकांना त्याची गरज नव्हती, कारण काकांना नाक होतं.

मी घाटकोपरला पाणी तपासणाऱ्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. पाण्यातले जंतू वाढवायचे, मोजायचे, ओळखायचे, हे माझं काम. त्यामुळे एखादा माणूस पाणी हुंगून पास करतो हे रोज बाल्कनीतून बघणं म्हणजे मला शिक्षाच होती. एकदा मी खाली जाऊन म्हटलंही, "काका, वासावरून नाही हो कळत. उलट डोळे झोंबणारा उग्र वास येतो ना, तो माणसांचा घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून येतो."

काका हसले. लहान मूल काही बोललं की हसतात तसे. "अगं सुनीता, तू बाटलीतलं शिकलीस. मी मशीनवर शिकलोय. बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय. माझ्या हातून जातं ते तपासून जातं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. भांडुपच्या एका हत्यारांच्या कारखान्यात पान्ह्यांवर 'ओके'चा शिक्का मारून ते निवृत्त झाले होते. त्यानंतर सोसायटीचे चेअरमन झाले आणि शिक्का मारायची सवय तशीच राहिली. फक्त पान्ह्यांच्या जागी आम्ही आलो. लिफ्टमध्ये कोण चप्पल न पुसता शिरलं, कोणाच्या कुंडीचं पाणी खाली ठिबकलं, कोणाच्या पाहुण्याने गाडी वाकडी लावली, सगळं तपासून जायचं. नोटीसबोर्डवर त्यांच्या वळणदार अक्षरातल्या सूचना असत. 'पोहण्यापूर्वी अंघोळ करणे. डोक्याला तेल लावून उतरू नये. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, लॅमिनेट करून, दर महिन्याचा पूलच्या पाण्याचा रिपोर्ट. दर महिन्याला एकच शेरा: समाधानकारक.

ते रिपोर्ट आमच्याच लॅबचे. मी तिथे आहे म्हणून सोसायटीने काम आमच्याकडे दिलं होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी काका बाटली माझ्या दारात आणून देत, मी ती लॅबला नेत असे. पाणी मात्र ते स्वतः भरायचे. "दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही," म्हणायचे.

या बाटलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. पूलचं पाणी घ्यायच्या बाटलीत आम्ही चिमूटभर पांढरी पूड घालून, बाटली निर्जंतुक करून, झाकण बांधून देतो. ती पूड पाण्यातलं क्लोरीन मारते. नाहीतर बाटली लॅबपर्यंत पोचेस्तोवर आतलं क्लोरीन जंतूंना मारत राहतं आणि घाण पाणीही साळसूद ठरतं. पहिल्याच महिन्यात मी बाटली दिली आणि संध्याकाळी बघते तर काकांच्या गॅलरीत ती उलटी वाळत घातलेली, शेजारी झाकण. वर धावत गेले.

"तुमच्या लॅबची स्वच्छता बघ जरा," काका म्हणाले. "आत पावडर चिकटलेली. मी घासून, साबणाने धुवून, आमच्या फिल्टरच्या पाण्याने दोनदा खळबळून काढली."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना वाटलं, मी शरमले. पुढे सहा महिने ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत होते, लॅबच्या घाणेरड्या बाटलीची आणि परुळेकरांच्या नजरेची.

आता त्या फिल्टरबद्दल. परुळेकरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक भलं मोठं प्युरिफायर होतं. काकांच्या मते मुंबईतलं नळाचं पाणी म्हणजे गटार. त्याला 'औषधाचा वास' येतो. लग्नाकार्यालाही ते घरची बाटली घेऊन जात आणि पंगतीत सगळ्यांना दिसेल अशी पानासमोर ठेवत. घरी कोणी गेलं की चहाआधी स्टीलच्या फुलपात्रात पाणी पुढे यायचं. "पी. सांग, वास आहे? चव आहे? काही आहे?" काही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळायचा. आणि या यंत्राची देखभाल? कंपनीचा माणूस लुटतो म्हणून त्याला दारात उभं करायचं नाही. काका स्वतः ते उघडायचे आणि आतल्या नळ्या नि टाकी जुन्या टूथब्रशने घासायचे. हो, टूथब्रशने. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी तेव्हाही सांगून पाहिलं होतं. नळाच्या पाण्याला जो वास येतो तो क्लोरीनचा, आणि तोच आपला राखणदार आहे. फिल्टर तो वास काढून टाकतो म्हणजे राखणदारालाच घरी पाठवतो. मग टाकीच्या आतल्या बाजूला, नळीत, तोटीत एक बुळबुळीत थर धरतो आणि त्यात काही जंतू निवांत संसार थाटतात. हे पटकीचे, टायफॉइडचे जंतू नव्हेत. धडधाकट माणसाने असं पाणी घागरभर प्यायलं तरी त्याला काही होत नाही. हे वाट बघत बसतात. ज्याच्या अंगातली ताकद गेलीय असा माणूस मिळाला की मग उठतात. म्हणून त्यांना संधिसाधू म्हणतात.

"तुका काय कळता?" काका म्हणाले. चिडले की ते मालवणीवर यायचे. "माका सगळा ठावक आसा. जंतू म्हणे. टूथब्रश कशाक आसा मग?"

आतल्या खोलीतून काकूंचं हसू ऐकू आलं होतं. परुळेकर काकू म्हणजे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव शहाणं माणूस. माझी आई नोकरी करायची, तेव्हा शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडेच असायचे. नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या खापरोळ्या कराव्यात तर त्यांनी. बारावीला मार्क कमी पडले म्हणून मी दार लावून बसले होते, तेव्हा दाराबाहेर बसून "रड, पण जेवून रड," म्हणणाऱ्या त्याच. या बाईने या माणसाबरोबर चाळीस वर्षं कशी काढली याचं मला कोडं होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अगं, त्यांना बोलू द्यायचं. बोलून झालं की ते भाजी निवडून देतात."

गेल्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि काकांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं खातं मिळालं. दारावर कागद लागला: 'रुग्ण. भेट फक्त परवानगीने. हुकुमावरून.' मी भेटायला गेले की दाराच्या फटीतून चौकशी. सर्दी आहे का? हात धुतले? कशाने धुतले? परत धू. दोनदा तर माझ्या केसांतून हात फिरवायला लावून कोंडा आहे का बघितलं. काकू आत रुमाल बांधून बसलेल्या, हसायचीही ताकद नाही, तरी डोळ्यांनी हसायच्या. काकांनी त्यांच्यासाठी सगळं फिल्टरच्या पाण्याने करायचं ठरवलं होतं. प्यायला तेच, चुळा भरायला तेच, अंग पुसायला तेच. केमोने काकूंचं तोंड सोलवटलेलं होतं, तर तासातासाला गुळण्या, त्याही त्याच पाण्याच्या. "नळाचा एक थेंब लावू देत नाही मी हिला," हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. काकूंना मधूनमधून ताप यायचा. केमोत येतो, असं सगळेच म्हणत होते.

मीही त्यांना काही बोलले नाही. एकदा सांगितलं होतं, त्यांनी टूथब्रश दाखवला होता. परत कोण तोंडी लागणार, असं मला वाटलं.

त्याच सुमाराला पूलवरून भांडण पेटलं. पहिल्या मजल्यावरच्या जयश्रीबेनच्या मुलीचा कान फुटला, मग आणखी दोन मुलांचे कान वाहू लागले. उन्हाळ्याची बॅच सुरू व्हायची होती. कमिटीच्या मीटिंगमध्ये जयश्रीबेन उभ्या राहिल्या. "परुळेकरभाई, आ पाणी मध्ये काय तरी आहे. पूर्ण टेस्ट करा."

"तुमच्या मुलीने कानात तेल घातलं असेल," काका म्हणाले. "बोर्डावर लिहिलंय."

मी उठले. म्हटलं, नेहमीच्या रिपोर्टमध्ये आपण सगळ्यात स्वस्तातल्या दोनच तपासण्या करतो. कान फुटतात त्याचे जंतू त्यात येतच नाहीत. या वेळी सगळ्या करू, आणि सॅम्पल मी स्वतः घेते.

काकांनी चष्मा काढला. "हे बघ सुनीता, बाटल्या धुणं हे तुझं काम. ते तू कर. सॅम्पल चेअरमन घेईल."

सगळे हसले. जयश्रीबेनसुद्धा हसल्या. मी खाली बसले. कानशिलं तापली होती. एम.एस्सी. होऊन अकरा वर्षं नोकरी केलेली मी, आणि पान्ह्यांवर शिक्के मारणारा हा माणूस भर मीटिंगमध्ये मला बाटल्या धुणारी म्हणतो. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल जे वाटू लागलं त्याला राग म्हणता येणार नाही. रागात माणसाची काही किंमत धरलेली असते.

सोमवारी बाटली आली. या वेळी मी सगळ्या तपासण्या लावल्या. गुरुवारी निकाल हातात आला.

जंतू वाढवायच्या ताटलीत हिरवट-निळी छटा पसरली होती आणि तो ओळखीचा, पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. सुडोमोनास, त्याच संधिसाधूंपैकी एक. कान फोडणारे हेच, म्हणजे जयश्रीबेनचं खरं निघालं, असं क्षणभर वाटलं. मग मी बाकीचे आकडे पाहिले. पूलच्या पाण्यात महिनोन्महिने औषधं पडत असतात, क्षार साचलेले असतात. या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच. क्लोरीनची काही खूण नाही, घामालघवीचा मागमूस नाही. जगातला कुठलाही स्विमिंग पूल इतका कोरा नसतो. इतकं कोरं पाणी एकाच ठिकाणी मिळतं, भिंतीवरच्या प्युरिफायरच्या तोटीला.

मला खुर्चीत बसून हसू फुटलं. म्हणजे इतके महिने हा माणूस पूलचं म्हणून घरच्या फिल्टरचं पाणी बाटलीत भरून देत होता. पैसे खायला नव्हे. बोर्डावर लॅमिनेट केलेला 'समाधानकारक' लागावा म्हणून. आणि या वेळी त्याच्या लाडक्या यंत्रानेच त्याला तोंडघशी पाडलं होतं. रविवारी जनरल मीटिंग होती. मी ठरवून टाकलं, हा रिपोर्ट तिथे वाचायचा, दीडशे माणसांसमोर, सावकाश, एकेक आकडा समजावून सांगत.

मला तेव्हा काकूंची आठवण झाली नाही, असं म्हणायची सोय नाही. झाली. ते पाणी कोण पितंय हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. पण मी म्हटलं, इतके दिवस पीतच आहेत, तीन दिवसांनी काय फरक पडतो. आणि रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. हातात औषधांची पिशवी.

"रिपोर्ट आला का गं?"

"रविवारी आणते, काका."

"चांगलाच असणार."

"काकू कशा आहेत?"

"कणकण आहे जरा. भरपूर पाणी पाजतोय."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावर जयश्रीबेन शिरल्या, मग माझा मजला आला आणि मी उतरले. त्या वेळी मला बोलायचंच होतं, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण जिना होता, फोन होता, त्यांचं दार माझ्या डोक्यावर एकच मजला वर होतं.

रविवारी क्लबहाऊस भरलं होतं. दाराशी चपलांचा ढीग. काका मधल्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात. "आता पूलचा रिपोर्ट. सुनीता, वाच मोठ्याने. काहींच्या शंका फिटू देत."

मी वाचला. ठरवलं होतं तसाच, सावकाश. जंतूंचं नाव आलं तशी कुजबुज सुरू झाली. जयश्रीबेन "बघा, बघा" म्हणाल्या. काकांचा चेहरा पडला, पण ते सावरले. "म्हणजे पूल बंद ठेवू. मुलांनी घाण केलीय."

"पूल नाही, काका," मी म्हटलं. "हे पूलचं पाणीच नाही." आणि मग मी क्षारांचं सांगितलं, क्लोरीनचं सांगितलं. "हे कोणाच्या तरी घरच्या फिल्टरचं पाणी आहे. नीट देखभाल नसलेल्या."

लोक माना वळवून त्यांच्याकडे बघू लागले. कोणीतरी मागून शीळ घातली. काका उभे राहिले, टेबलावर मूठ आपटली. "पूलाचाच पाणी आसा ता! मी स्वतः भरलंय!"

मी ज्यासाठी तीन दिवस थांबले होते तो क्षण हाच. आणि तेव्हा मी उरलेलं बोलले. "मग प्रश्न नाही. कारण हे पाणी प्यायलं तरी धट्ट्याकट्ट्याला बाधत नाही. पण घरात केमो चालू असलेलं माणूस असेल आणि ते हे पाणी पीत असेल, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं."

काकांची मूठ टेबलावरच राहिली. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात आत्तापर्यंत फक्त बाटली होती. काकूंच्या उशाशी ठेवलेला तांब्या त्यांना आत्ता दिसला, हे मला स्पष्ट दिसलं. इतका वेळ मी धरून चालले होते की माझ्यासारखं त्यांनाही लगेच कळेल आणि ते लपवतील. त्यांना कळलंच नव्हतं.

"पूलाचाच..." ते परत म्हणाले, पण आवाज नव्हता. मग खुर्ची ढकलून ते निघाले. आयुष्यात कधी मीटिंग अर्धवट न सोडलेला माणूस. चपलांच्या ढिगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी दारापर्यंत गेले तर सत्तरीचा तो माणूस, दोन्ही गुडघे खराब, अनवाणी कंपाउंडमधून पळत होता. लिफ्टचं बटण त्यांनी दोनदा दाबलं, थांबले नाहीत, जिन्याकडे वळले. आत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी असाव्यात.

काकूंना त्याच दुपारी हॉस्पिटलमध्ये हलवलं. ताप खूप चढला होता. रक्तात सापडलेले जंतू त्याच जातीचे निघाले. ते आले कुठून हे डॉक्टर सांगू शकत नव्हते, असे जंतू हॉस्पिटलातही असतात, असं म्हणाले. तीन आठवडे काकू आयसीयूत होत्या. त्यातून वाचल्या, पण अर्ध्याच परत आल्यासारख्या आल्या. पूलचं खरं सॅम्पल मी घेतलं. तेही खराबच होतं, क्लोरीन नावालाच होतं. काकांनी राजीनामा दिला. बोर्डावरचे लॅमिनेट केलेले रिपोर्ट कोणीतरी काढून टाकले. सोसायटीत सगळे मला शाबासकी देत होते. जयश्रीबेननी ढोकळा आणून दिला, तो मी फ्रीजमध्ये ठेवला आणि चार दिवसांनी टाकून दिला.

दोन महिन्यांनी परुळेकर बोरिवलीला मुलीकडे राहायला गेले. सामान आधीच गेलं होतं. मी कामावर निघाले तेव्हा गाडी गेटपाशी उभी होती. काकू मागे बसलेल्या, डोक्याला रुमाल, हात काठीसारखे. काका डिकी लावत होते. मोजे नव्हते, शिट्टी नव्हती. मला टाळता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली.

"सुनीता."

मी जवळ गेले. त्यांनी खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला. मीटिंगमध्ये मी टेबलावर ठेवलेला. त्यांनी तो उघडला आणि शिक्क्याखाली बोट ठेवलं.

"तारीख गुरुवारची आहे," ते म्हणाले.

मी शिक्क्यावरची तारीख बघितली.

"शुक्रवारी मी तुला लिफ्टमध्ये विचारलं होतं."

आवाज चढला नव्हता. मालवणीही नव्हती. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. मी त्याची वाटच बघत होते. त्यांनी कागद परत घडी घातला, खिशात ठेवला.

"हिला काही सांगितलेलं नाही मी," ते म्हणाले. "माझंही नाही, तुझंही नाही."

आणि पुढचं दार उघडून बसले. गाडी सुरू झाली. काकूंनी काच खाली केली, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि हसल्या. "बोरिवलीला ये गं," म्हणाल्या. "बरी झाले की खापरोळ्या करते तुझ्यासाठी."

मी "येते" म्हटलं. अजून गेलेले नाही.